नॅसवरील संथ फाइल-कॉपी

नॅस म्हणजे राउटरला जोडून ठेवलेली, घरातल्या सगळ्यांना वापरता येणारी हार्ड डिस्कची पेटी. तिच्यावरची कॉपी रेंगाळू लागली की अनेक जण थेट नवी डिस्क किंवा नवा राउटर आणतात. हा खर्च बहुधा वाया जातो, कारण वेग कोणत्या आकड्यावर अडतो यावरूनच दोष कुठे आहे ते बरेचसे कळते.

गिगाबिट इथरनेटची क्षमता सेकंदाला 1,000 मेगाबिट, म्हणजे 125 मेगाबाइट. मोठी फाइल 110 मेगाबाइटच्या आसपास जात असेल तर सगळे ठीक आहे. वेग 11-12 मेगाबाइटवर खिळला असेल, तर जोडणी 100 मेगाबिटवर उतरली आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात; 100 मेगाबिटचे काम चार तारांत भागते. म्हणून प्लगमधल्या उरलेल्या चारपैकी एखादी तार नीट क्रिम्प झालेली नसली तरी नेटवर्क बंद पडत नाही, फक्त मंदावते, आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहावा, केबल बदलून पाहावी, मध्ये जुना 100 मेगाबिटचा स्विच नाही ना हे तपासावे. ही सगळी तपासणी वायफायवर करू नये.

डिस्कला हात न लावता दोन यंत्रांमधला वेग मोजायला आयपर्फ3 हे मोफत साधन उत्तम. त्यात 940 मेगाबिटच्या आसपास दिसले की केबलचा नाद सोडून डिस्ककडे वळावे. कॉपी जोरात सुरू होऊन बऱ्याच वेळाने कोसळत असेल तर डिस्क एसएमआर पद्धतीची असू शकते. तिच्यात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टेराबाइटच्या काही डिस्क अशा असल्याचे वेस्टर्न डिजिटलने एप्रिल 2020 मध्ये मान्य केले. ग्राहकाला हे खरेदीआधीच कळायला हवे होते. नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली डिस्कच घ्यावी.

हजारो छोटे फोटो मात्र निर्दोष यंत्रणेवरही संथच जातात, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याची वेगळी देवाणघेवाण होते. त्यांची एक झिप करून पाठवावी.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढताना दिसले, तर वेगाचा शोध तिथेच थांबवून आधी बॅकअप घ्यावा.