तलवार विझलेली असेल तर वार नाही: ऑनलाइन द्वंद्वांतील अलिखित नियम

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. व्हिडिओ गेममध्ये एकमेकांना मारायचंच असतं, तिथे कसली आलीय रीतभात? पण कायदा, पंच आणि शिक्षा यांपैकी काहीच नसताना माणसं नियम कसे घडवतात, हे एरवी आपल्याला जुन्या कागदपत्रांतून अंदाजाने शोधावं लागतं. इथे ते गेल्या पंचवीसेक वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

सुरुवात २००२ पासून करू. रेव्हन सॉफ्टवेअरने त्या वर्षी ‘स्टार वॉर्स’च्या जगातला ‘जेडाय आउटकास्ट’ हा गेम आणला. त्यातला एक ऑनलाइन प्रकार होता ‘फ्री फॉर ऑल’, म्हणजे दिसेल त्याला मारा आणि गुण मिळवा. पण अनेक सर्व्हरवर वेगळंच चित्र दिसू लागलं. लोक प्रकाशाची तलवार विझवून गप्पा मारत उभे! तलवार विझलेली, याचा अर्थ ‘मी लढत नाहीये’. कुणी टाइप करत असेल तर त्याच्या डोक्यावर खूण दिसायची. अशा माणसावर वार करणं हलकटपणाचं मानलं जाई. लढायचं असेल तर आव्हान द्यायचं, समोरच्याने स्वीकारायचं, आणि आधी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा. गंमत म्हणजे हा नमस्कारही खेळाडूंनीच शोधलेला. नजर खाली नेऊन पुन्हा वर आणली की पात्र वाकल्यासारखं दिसे. कुस्तीच्या फडात पैलवान सलामी देतात, तसंच हे.

नियम मोडणाऱ्याला ‘लेमर’ म्हणत, आणि काही सर्व्हरचे चालक त्याला बाहेरही काढत. त्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणे, गेम मारण्याचे गुण देतो, मी तेच करतोय, तुमचे नियम कुठे लिहिलेत? प्रश्न बिनतोड होता, आणि तो पुढे प्रत्येक गेममध्ये पुन्हा विचारला गेला.

आता २०११ कडे येऊ. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स’मध्ये दुसऱ्याच्या जगात शिरण्याचे दोन मार्ग होते. एक घुसखोरी: न विचारता शिरायचं आणि यजमानाला मारायचं. दुसरा लाल खुणेचा: जमिनीवर आपली खूण सोडायची, यजमानाला वाटलं तर तो बोलावणार. या दुसऱ्या मार्गावर रीत तयार झाली. आल्यावर वाकायचं, समोरचा वाकेपर्यंत थांबायचं, आणि मध्येच औषध प्यायचं नाही. हे औषध म्हणजे एस्टस. पाहुण्याला ते वापरताच येत नसे, यजमानाला येई. म्हणजे इथे गेमनेच एका बाजूला झुकतं माप दिलं होतं, आणि खेळाडूंनी ते आपणहून सरळ केलं.

२०१६ च्या ‘डार्क सोल्स ३’मध्ये हे आणखी पुढे गेलं. पात्राची पातळी ८०२ पर्यंत वाढवता येते, तरी द्वंद्व खेळणारे मोठ्या संख्येने १२० वर थांबत. का? गेम साधारण जवळच्या पातळीचे लोक जोडतो. सगळे एका आकड्यावर थांबले तर प्रतिस्पर्धी पटकन मिळतो, आणि पात्र सगळ्याच गुणांत तगडं करता येत नसल्यामुळे निवड करावी लागते. पाँटिफ सुलिव्हानच्या ठाण्याबाहेर तर अक्षरशः आखाडे भरत. दोघं लढत आणि बाकीचे कडेला उभे राहून बघत. मध्ये घुसला त्याला सगळे मिळून संपवत. पंच नव्हता, पण प्रेक्षक होते, आणि तेवढं बऱ्याचदा पुरे व्हायचं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक भांडणं तो विसरल्यामुळे होतात. घुसखोराने ‘तू मला नमस्कार केला नाहीस, औषध प्यायलास’ अशी तक्रार केली, तर यजमान काय म्हणेल? ‘तुला बोलावलं कुणी होतं?’ आणि त्याचं बरोबर आहे. रीत बांधते ती संमती दिलेल्या दोघांना. ज्याने संमतीच दिली नाही, त्याच्यावर ती लादता येत नाही.

दुसरी बाजू गेम डिझायनर डेव्हिड सर्लिन यांनी सर्वांत ठामपणे मांडली. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये पकडून फेकणं या साध्या डावाला ‘चीप’ म्हणणारे खेळाडू मनातल्या मनात नियम रचतात आणि मग हरल्यावर रडतात, असं त्यांचं म्हणणं. स्पर्धेपुरतं ते आपल्याला मान्य करावंच लागेल. तिथे नियम लिहिलेले असतात आणि पंच असतो. शिवाय नव्या खेळाडूला न सांगितलेल्या नियमावरून हिणवणं हाही अन्यायच, आणि असा अन्याय या आखाड्यांत भरपूर झाला.

पण सर्लिन यांचा युक्तिवाद आखाड्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे बक्षीस नाही. तिथे मिळवायची गोष्ट म्हणजे चांगली लढत, आणि ती समोरच्याच्या सहकार्याशिवाय मिळत नाही. औषध पिऊन जिंकलेल्याला पुढच्या वेळी कुणी बोलवत नाही, एवढीच शिक्षा. म्हणून आमचं मत असं: या रीती पाळायच्याच, पण नवा माणूस आला तर वार करण्याआधी, आणि नावं ठेवण्याआधी, त्याला त्या सांगायच्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.