शेंद्र्याची स्कोडा

चिखलीहून देऊळगाव राजा, जालना करत छत्रपती संभाजीनगरकडे निघाले, की शहराच्या अलीकडे शेंद्रा लागते. पंखवाल्या बाणाची स्कोडा ऑक्टेव्हिया २००१ पासून तिथे तयार होऊ लागली. ही मूळची चेक मुलखातल्या म्लादा बोलेस्लावची. १८९५ साली लॉरिन आणि क्लेमेंट यांनी तिथे सायकलींपासून सुरुवात केली होती.

पण मंडळी, ‘तयार’ म्हणजे काय? अख्ख्या गाडीवर आयातकर जबर, सुट्या भागांवर कमी. म्हणून भाग खोक्यांतून यायचे आणि शेंद्र्यात जोडले जायचे. आपला कापूस बाहेर जाऊन सदरा होऊन परततो, त्याच्या नेमके उलटे! पत्रा दाबण्यापासून रंगापर्यंतचे काम २००९ साली चाकणला सुरू झाले, तेही स्कोडाच्याच फाबियापासून. शेंद्र्यात तोवर ऑडीचीही खोकी उघडू लागली होती.