वापरलेली भांडी आणि जकात



आजकाल घरोघरची मुले-सुना परदेशी राहायला जातात. मागून कुकर, तवा, पोळपाट, पूजेची भांडी खोक्यांत भरून जहाजाने जातात. मग प्रत्येकीला प्रश्न पडतो, घरच्या वापरलेल्या वस्तूंवर कसली आली जकात? हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाराच्या मालावर शुल्क घ्यावे. पण लग्नाचे सामान, सासरी निघालेल्या नवरीबरोबरचे सामान, बाळंतपण, देवपूजा आणि व्रतदीक्षेसाठी नेलेल्या वस्तू यांना माफी द्यावी, असे तिथे सांगितले आहे. लगेच पुढे हेही आहे की, खोटे सांगून माफी घेणाऱ्याला चोराची शिक्षा करावी.

आपल्या धर्मातही ही गोष्ट चोरीच्याच खात्यात मांडली आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे यांच्या शेजारीच विरुद्धराज्यातिक्रम येतो. राज्याचे नियम मोडून देवघेव करणे, असा त्याचा अर्थ सांगतात.

इंग्रजांच्या काळात मात्र घर आणि दुकान हा भेद मिठापाशी संपला. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैलांची जकातरेषा होती. कित्येक ठिकाणी काटेरी कुंपण आणि राखणीला सुमारे 12,000 माणसे. गरिबाच्या चुलीवरचे मीठही त्यातून सुटत नसे. ही रेषा 1879 मध्ये मोडली.

आजचा आपला सीमाशुल्क कायदा 1962 चा. प्रवाशाने स्वतःच्या सामानाची खरी माहिती स्वतः द्यायची, आणि ठरावीक काळ वापरलेल्या वस्तूंना माफी मिळू शकते, हे तत्त्व त्यात आहे. अमेरिकेतही तसेच. तिकडे राहायला जाणाऱ्याने निदान एक वर्ष वापरलेले घरसामान, विकण्यासाठी किंवा दुसऱ्यासाठी नसेल तर, करमुक्त जाते. कोरे सामान आणि खाण्याचे पदार्थ वेगळे सांगावे लागतात. आपल्या भिवापूरची मिरची कितीही नावाजलेली असली तरी ती वापरलेल्या भांड्यांत मोजली जात नाही!

आमच्या सुनेचे सामान निघाले तेव्हा पाठवणाऱ्या माणसाने सुचवले, "काकू, चांदीचा नवा पूजासंच जुना म्हणून लिहून टाका, कोण बघतंय?" मी बी.कॉम. झालेली बाई. खोटी नोंद केली की ताळेबंद जुळला तरी हिशेब चुकलेलाच असतो. मी "नवीन" असे लिहिले, शेजारी किंमत आणि सोबत सराफाची पावती. जो कर बसेल तो भरायचा, असे मुलालाही सांगितले. ज्या ताटात अष्टद्रव्य ठेवायचे, ते ताट खोटे बोलून न्यायचे?

एक वस्तू मात्र घरीच राहिली, आजेसासूबाईंची हस्तलिखित पोथी. सुनेला ती फार हवी होती. पण 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही वाईट वाटले. मग तिने पानापानाचे फोटो काढले आणि तेच सोबत नेले.

तेव्हा मैत्रिणींनो, यादी दुसऱ्यावर सोपवू नका. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या. वस्तू, नग, किती वर्षे वापरली आणि आजची किंमत, असे चार रकाने आखा. जुने आणि नवे वेगळ्या खोक्यांत भरा. जुनी मूर्ती किंवा पोथी असेल तर आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारा. यादीची एक प्रत आपल्या कपाटात ठेवा. घर कसे चालवले, हे त्या यादीतही दिसते.