फ्रँकोच्या राज्यांतील कामकरी स्त्रिया

राज्यसत्तेनें ज्या संस्थेस आपला आधारस्तंभ मानावें, तिच्याच छायेखालीं त्या सत्तेच्या विरोधकांनीं बळ धरावें, असे प्रसंग इतिहासांत थोडेच सांपडतात. जनरल फ्रँकोच्या स्पेनांतील कॅथॉलिक कामकरी स्त्रियांची हकीकत यांपैकींच एक होय.

यादवी युद्ध चालू असतांनाच, १९३८ सालीं, फ्रँकोच्या सरकारनें श्रमविषयक सनद जाहीर केली. विवाहित स्त्रीला कारखान्यांतून 'मुक्त' करण्याचें वचन तींत दिलें होतें. या मुक्ततेचा अर्थ लौकरच उमगला. कित्येक धंद्यांत लग्न होतांच स्त्रीला नोकरी सोडावी लागे, आणि आंदण म्हणून थोडी रक्कम तिच्या हातीं पडे. नवऱ्याच्या संमतीवांचून तिला नोकरीचा करारही करतां येत नसे. परंतु गरिबाची चूल सनदेनें पेटत नाहीं. स्त्रिया राबतच राहिल्या. कोणी घरबसल्या शिवण घेऊन, तर कोणी परक्या घरीं मोलकरीण होऊन. त्यांच्या श्रमांची नोंद मात्र सरकारदरबारीं क्वचितच होई.

स्वतंत्र कामगारसंघांस बंदी होती. मालक व मजूर यांना एकाच सरकारी संघटनेंत कोंबलें होतें आणि संप हा गुन्हा होता. धार्मिक संस्थांना तेवढी थोडी मोकळीक असे. १९४६ सालीं कॅथॉलिक धर्मसंस्थेनें कामगारांचा बंधुसंघ काढला. स्त्रियांची शाखा वेगळी होती. तरुण कामकरी मुलींचीही निराळी संघटना होती. कामगारवर्गाला पुन्हा धर्माकडे वळवावें, हा मूळ हेतु. परंतु या मंडळांची रीत बेल्जियन धर्मगुरु कार्डाइन यांनीं घालून दिलेली होती: आधीं पाहावें, मग पारखावें, नंतर कृति करावी. पाहूं लागल्यावर या स्त्रियांना जें दिसलें तें प्रवचनांतलें नव्हतें. एकाच कामाला पुरुषापेक्षां कमी मजुरी, आणि घरीं परतल्यावर दुसरी पाळी!

१९६२ सालीं अस्तुरियास प्रांतांतील खाणकामगारांनीं संप केला, तेव्हां या कॅथॉलिक संघटनांनीं उघडपणें कामगारांची बाजू घेतली. पुढें १९६६ पासून धर्माधिकाऱ्यांनींच त्यांना आवर घातला, आणि पुष्कळ कार्यकर्त्या बाहेर पडून गुप्त कामगारसंघांत शिरल्या.

१९६१ च्या कायद्यानें स्त्रियांना नोकरीचे बरेच हक्क दिले खरे, पण नवऱ्याच्या संमतीची अट सुटली ती १९७५ च्या मे महिन्यांत. त्याच नोव्हेंबरांत फ्रँको वारला. हक्क कागदावर उशिरा उतरला. तो आपला आहे, हें मात्र या स्त्रियांनीं बैठकींत बसून फार आधीं ओळखलें होतें.