बंद दारावरचे समन्स: कोल्हापूर आणि भाडे कायद्याची शंभर वर्षे

भाडे थकलेले, पत्राला उत्तर नाही, दाराला कुलूप. कोल्हापुरातील घरमालकाला अशा वेळी स्वतः कुलूप तोडता येत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. त्या दाव्याला एवढे कागद का लागतात, याचे उत्तर पहिल्या महायुद्धाच्या काळातील मुंबईत सापडते. त्याचा हा धागा.

युद्धकाळात मुंबईत महागाई भडकली आणि घरभाडी चढली. १९१८ मध्ये सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला, तोही तात्पुरता म्हणून. १९३९ मध्ये पुन्हा तसाच कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदाही ठरावीक मुदतीचाच होता. मुदत संपत आली की ती वाढवली जाई. ही तात्पुरती सोय अर्धशतक टिकली!

कोल्हापूर आरंभी या कक्षेबाहेर होते. करवीर संस्थानाचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानची वरिष्ठ न्यायव्यवस्था संपली. कोल्हापूरच्या दाव्याचा शेवटचा टप्पा आता सुमारे पावणेचारशे किलोमीटर दूर, मुंबईत गेला.

या सर्व कायद्यांचा गाभा एकच: भाडेकरू भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. म्हणजे 'तो तयार नाही' हे मालकाने सिद्ध करायचे. पण जो काही बोलतच नाही, त्याची नाराजी सिद्ध कशी करायची? कागदांची सारी रचना या पेचाभोवती उभी आहे.

दुसऱ्या बाजूचा अन्यायही खरा होता. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेले होते; महागाई वाढली तरी ते जागचे हलेना. १९९७ च्या डिसेंबरात 'मालपे विश्वनाथ आचार्य' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नव्या कायद्यात भाडेकरूला मिळणारा अवधी वाढला. जुन्या कायद्यात नोटिशीनंतर एक महिना होता. आता ९० दिवस. त्यानंतरच थकबाकीचा दावा दाखल होतो. समन्स बजावल्यावर आणखी ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि पुढील भाडेही भरत राहिला, तर या कारणावरून ताबा जात नाही.

म्हणून नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेले पाकीट जपून ठेवावे लागते. पत्ता बरोबर असेल तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमानुसार अशी नोटीस पोहोचली असे गृहीत धरता येते. न फोडलेले पाकीट हाच मालकाचा भक्कम पुरावा ठरतो.

वादपत्र, वकीलपत्र, कोर्ट फी, भाडेपावत्या, प्रॉपर्टी कार्ड एवढे झाले की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे दावा उभा राहतो. बेलीफ समन्स घेऊन जातो. कोणी भेटले नाही तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तो प्रत दारावर डकवतो, घर कोणी दाखवले त्याचे नाव लिहितो आणि अहवाल देतो. तेही निष्फळ ठरले तर न्यायालयाच्या परवानगीने वृत्तपत्रात जाहीर समन्स. प्रतिवादी तरीही आला नाही तर दावा 'एकतर्फी' चालतो. पण मालकाला पुरावा शपथेवर द्यावाच लागतो. योग्य कारण दाखवल्यास भाडेकरूला एकतर्फी हुकूमनामा रद्दही करून घेता येतो.

हुकूमनामा मिळाल्यावरही ताब्यासाठी वेगळी 'दरखास्त' लागते. हा फारसी शब्द मराठी कोर्टात अजून रोजच्या वापरात आहे.

निकाल विरुद्ध गेला तर अपील जिल्हा न्यायालयात. तेथे द्वितीय अपिलाची सोय नाही. पुढची वाट उच्च न्यायालयातील पुनरीक्षण अर्जाची, म्हणजे मुंबईची. कोल्हापूरच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी खंडपीठासाठी अनेक दशके आंदोलने केली, त्यामागे ही पायपीट होती. १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाले. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे तिच्या कक्षेत आहेत. १९४९ मध्ये मुंबईला गेलेला तो शेवटचा टप्पा आता भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आहे.