डॉक्टरांचा पांढरा ॲप्रन : कुणाला धीर, कुणाला धास्ती

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरून निघालेला रुग्ण आरोग्य केंद्रात पोहोचतो, तेव्हा औषधाआधी त्याच्या नजरेस पडतो तो डॉक्टरांचा वेश. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घरात भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांची प्रमाण मराठी परकी वाटू शकते. अशा वेळी बोलण्यापेक्षा दिसण्यावरूनच पहिले मत बनते.

या विषयाचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय उभारण्यापूर्वी गोंड आदिवासींनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरांत एक कारण पांढऱ्या कपड्यांचे निघाले. मृतदेह पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात. तोच वेश करणारे डॉक्टर आणि परिचारिका जीव कसा वाचवणार, असा लोकांचा प्रश्न होता. मोठ्या इमारतीचे दडपण आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू न देणे याही तक्रारी होत्या. त्यातून शोधग्राममध्ये झोपड्यांच्या धर्तीचे, दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय आकारास आले. हेमलकसा येथे १९७३ पासून कार्यरत असलेल्या डॉ. प्रकाश आमटे यांची अर्धी विजार आणि बनियन तर सर्वपरिचित आहे.

अर्थात, गोंडांचा अनुभव सातपुड्यातील भिल्ल-पावरांना जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. अनुकरण करायचे तर ते आधी विचारण्याचे.

शहरी रुग्णांचा कल बहुधा उलट असतो. अमेरिकेतील १० रुग्णालयांतील ४,०६२ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी डॉक्टरांचा पोशाख महत्त्वाचा मानला. औपचारिक कपड्यांवर पांढरा कोट, या वेशाला सर्वाधिक पसंती मिळाली. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाश्चात्त्य डॉक्टर काळा कोट घालत. जंतुशास्त्राबरोबर पांढरा रंग आला. तोच कोट पुढे जंतू वाहून नेतो की काय, या शंकेने ब्रिटनमध्ये २००७ साली कोपराखाली बाह्या नकोत, असे धोरण जाहीर झाले.

पोशाखाचे नाव एका विकारालाही मिळाले आहे. घरी नेहमीसारखा असणारा रक्तदाब दवाखान्यात वाढलेला आढळतो, त्याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात. दोष एकट्या कोटाचा नाही, सगळ्या वातावरणाचा असतो. मात्र घरी मोजणी न करता औषध सुरू झाले, तर ते विनाकारण ठरू शकते. करोनाकाळात पीपीई किटमुळे डॉक्टरांचा चेहराच झाकला गेला. त्यावर किटवर स्वतःचे छायाचित्र चिकटवण्याचा, २०१४ च्या इबोला साथीनंतर लायबेरियात रुजलेला उपाय अनेक ठिकाणी वापरला गेला.

दुर्गम भागात आणखी एक धोका संभवतो. ॲप्रन आणि स्टेथोस्कोप बोगस डॉक्टरही सहज मिळवतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो.