निरोपाविना बिनतारी

धुळ्याहून जळगाव नव्वद किलोमीटर. माणूस पारोळा, एरंडोल करत जातो. आमचा बिनतारी सेटवरचा आवाज मात्र आधी अडीच-तीनशे किलोमीटर वर जायचा आणि मग जळगावात उतरायचा. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे चाळीस मीटर पट्ट्यातली लहर वर सोडली की दिवसा ती आयनांबरावरून परतते. गच्चीवरून गच्चीवर सरळ बोलायचं म्हटलं, तर दोन्हीकडे दहा-दहा मीटर उंचीचे खांब धरूनही पंचवीस-सव्वीस किलोमीटरच्या पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. एसटीच्या वर्कशॉपात मी इलेक्ट्रिशियन होतो. तिथे हे सांगितलं की पोरं म्हणायची, "आप्पा, त्यापेक्षा फोन करा ना." फोन! ट्रंक कॉल लावून माणूस जेवून यायचा, तरी नंबर लागलेला नसायचा.

आपल्याकडे हवा सरकारची. १८८५ चा तार कायदा, त्यावर १९३३ चा बिनतारी कायदा. घरात नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे, तिकिटं चिकटवलेलं पुस्तक जपून ठेवावं लागे. अशा हवेत बोलायची मुभा असलेले खासगी लोक म्हणजे आम्ही हौशी, हॅम. कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तांनी १९२१ मध्ये सुरुवात केली, असं आमच्या मंडळींत सांगतात. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सगळी लायसन्सं रद्द झाली.

मग १९४२. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस रेडिओ चालवला, दर थोड्या दिवसांनी जागा बदलत. शहरात स्वयंसेवकांनी उभं केलेलं बिनतारी केंद्र म्हणाल तर हेच. त्याची लहर होती ४२.३४ मीटर. तीनशेला त्या आकड्याने भागा, ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे आम्ही हॅम सकाळी जिथे जमतो तोच पट्टा! पुस्तकांतून या रेडिओवर पानंच्या पानं आहेत, पण हा हिशेब कुणी मांडलेला मी पाहिला नाही. ट्रान्समीटर बांधणारा नरिमन प्रिंटर आमच्यातलाच, हॅम. पुढे पोलिसांना जागा दाखवली तीही त्यानेच. आमच्या गोटात पहिली गोष्ट मोठ्याने सांगतात, दुसरी हळू.

स्वातंत्र्यानंतर हौशींचा अखिल भारतीय क्लब दिल्लीत किंवा मुंबईत नाही, महूला स्थापन झाला, लष्कराच्या सिग्नल्स शाळेत, १५ मे १९४८ ला. महू म्हणजे आमच्याच आग्रा रोडवरचं गाव. शिरपूर सोडलं, बिजासन घाट चढून सेंधव्याला पोचलं की पुढे तेच. खानदेशाचं या इतिहासात नाव नाही, पण रस्ता आहे.

माझं लायसन्स द्वितीय श्रेणीचं. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यायची, पाठवायची. परीक्षा मुंबईला. पास झालो तरी गृहखात्याचा होकार यायचा असे, पोलीस घरी येऊन चौकशी करून जात. आई घाबरली होती. गल्लीत मी काय केलं असावं, यावर चर्चा झाली. तोवर लॅमिंग्टन रोडवरून ८०७ नंबरचा व्हॉल्व्ह आणून सेट बांधला, वीस मीटर तांब्याची तार दोन बांबूंवर ताणली. वीज गेली तर गाडीची बॅटरी. तिची मला काय नवलाई!

सकाळी नेट भरायचं. एक जण कंट्रोल, तो एकेकाचं कॉलसाइन पुकारणार, आपण आवाज कसा येतो ते सांगायचं, हवामान, अँटेना, संपलं. प्रत्येक बोलणं लॉगबुकात लिहायचं. धंद्याचं बोलायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम: तिसऱ्या माणसाचा निरोप न्यायचा नाही.

या नियमावर मी थांबतो, कारण सगळं इथेच अडलं. शेजारच्या काकूंची लेक नागपूरला बाळंत व्हायची होती. काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या खोक्यातून विचारा ना भाऊ, मोकळी झाली का." नागपूरचा हॅम मला रोज ऐकू येत होता. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं, शिष्टपणा करतोय. विनामूल्य, विनातार, पदरच्या पैशाने उभं केलेलं जाळं, आणि गल्लीच्या कामाला बंद. सरकारने आम्हाला हवा दिली ती या बोलीवर की ती कुणाच्या उपयोगी पडू नये.

अपवाद एक: आपत्ती. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३.५६ ला किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, टेलिफोन गेले. हॅम मंडळी सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे पोचली. मी धुळ्यात ऐकत होतो. अशा वेळी न बोलणं हेच काम असतं, वाट मोकळी राहते. एरवी गुन्हा ठरणारे निरोप त्या दिवसांत अक्षर-अक्षर फोडून जात होते, गावं, औषधं, माणसांची नावं.

मग २८ जानेवारी २००५ ला राजपत्रात छोटी अधिसूचना निघाली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना. वायफायचा पट्टा. मोर्स नको, पोलीस नको, कुणाचाही निरोप चालेल. धर्मशाळेत त्याच वर्षी लोकांनी डोंगरावर बिनतारी जाळं विणायला घेतलं. पुढे पालघरच्या खेड्यांत आयआयटी मुंबईने टीव्हीचे मोकळे पट्टे वापरून ग्राममार्ग उभा केला, २०१७ मध्ये त्याला मोझिलाचं सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. धुळे-जळगावात काय झालं? आमच्या गच्च्यांवरून केबलवाल्याची वायर आधीच गेली होती. त्याच वायरीतून इंटरनेट आलं आणि २०१६ नंतर डेटाच स्वस्त झाला. आम्ही हॅम, ज्यांना अँटेना कळत होता, बघत राहिलो. निरोप न न्यायची सवय जडलेली, असं माझं मत. मंडळींना ते पटत नाही.

ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झही उघड्यावर विनापरवाना झालाय. पुतण्याच्या डोक्यात आता लळिंगचा किल्ला आहे: शहरापासून नऊ-दहा किलोमीटर, समोर नजर मोकळी, दोन डिश लावल्या की पायथ्याच्या वाडीपर्यंत जाळं. सोलर पॅनल आणि बॅटरीचं मी बघतो म्हणालोय. लहरीला परवानगी लागणार नाही, पण किल्ल्यावर खांब रोवायला लागेल. तो अर्ज सध्या त्याच्या टेबलावर अर्धवट लिहून पडलाय.